खुर्चीत बसून ऐका: एकट्या कीबोर्डवादकाने स्पीकर कसा निवडावा, कसा लावावा

प्रश्न: मी ऐरोलीला राहते. ६१ कीजच्या अरेंजर (ताल आणि साथ स्वतःच देणाऱ्या) कीबोर्डवर भावगीतं आणि जुनी हिंदी गाणी एकटीच वाजवते. गात नाही, मधूनमधून माइकवर दोन शब्द बोलते. डोहाळजेवण, साखरपुडा, ज्येष्ठ नागरिक संघाचे मेळावे, सोसायटीचा गणपती असे ५० ते १५० माणसांचे कार्यक्रम असतात. सध्या मैत्रिणीकडून आणलेला १२ इंची स्पीकर वापरते. घरी कीबोर्ड छान वाजतो, हॉलमध्ये मात्र सगळं घुमतं. पुढच्या रांगेतले कानांवर हात ठेवतात, मागचे म्हणतात ऐकू येत नाही. बासरी आणि बेस तर कुठे जातात कळतच नाही. दुकानदार म्हणतो, १५ इंची, १००० वॅटचा घ्या. मी रिक्षाने जाते, सामान स्वतः उचलते. कोणता घेऊ आणि तो ट्यून कसा करू?

उत्तर:

ताई, दुकानदार सांगतो म्हणून १५ इंची घेऊ नका. तुमच्या अडचणींपैकी एकही मोठ्या स्पीकरने सुटणार नाही, आणि घुमणं तर वाढेलच. मी ठाण्यात नौपाड्याला राहतो. गेली २२ वर्षं कधी स्वतः कीबोर्ड वाजवतो, कधी दुसऱ्यांचा साउंड सांभाळतो. इकडच्या आणि नवी मुंबईच्या सोसायट्यांचे हॉल, गच्च्या, पार्किंग सगळीकडे स्पीकर लावून झाले आहेत, त्या भरवशावर सांगतो.

आधी केबल बघा. बासरी आणि बेस जातात पण बाकीचं वाजत राहतं, हे वाचल्याबरोबर मला केबलचाच संशय आला. तुमच्या कीबोर्डला मागे हेडफोनचं एकच भोक असणार आणि तिथून दोन्ही टोकांना सारखीच पिन असलेली केबल तुम्ही थेट स्पीकरमध्ये लावत असणार. पिनवरच्या काळ्या रिंगा मोजा. एक असेल तर केबल मोनो, दोन असतील तर स्टीरिओ. हेडफोनच्या भोकातून डावा आणि उजवा असे दोन आवाज दोन तारांवरून बाहेर येतात. स्पीकरचं बॅलन्स्ड इनपुट मात्र त्या दोन तारांमधला फक्त फरक घेतं. लांब केबलमध्ये शिरलेली घरघर दोन्ही तारांवर सारखीच असते, ती वजा व्हावी म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. पण मग डाव्या-उजव्या बाजूला जे जे सारखं आहे ते सगळंच वजा होतं. बेस, बासरी, तबल्याचा डग्गा हे आवाज कीबोर्डमध्ये बहुतेक वेळा मधोमध बसवलेले असतात, म्हणजे दोन्हीकडे सारखे. ते गायब होतात. उरतात बाजूला बसवलेल्या स्ट्रिंग्ज आणि रिव्हर्ब, म्हणजे कीबोर्डने वरून घातलेली घुम. सूर गेला आणि नुसता रिव्हर्ब राहिला, की हॉल आहे त्याहून जास्त घुमतोय असं वाटणारच. घरी तुम्ही कीबोर्डच्या स्वतःच्या स्पीकरवर वाजवता, म्हणून तिथे हे कधी कळलं नाही.

उपाय स्वस्त आहे. एका टोकाला स्टीरिओ पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन मोनो पिना अशी वाय केबल मिळते. त्या दोन पिना स्पीकरच्या दोन वेगळ्या चॅनेलना लावा आणि दोन्हींचे नॉब सारखे ठेवा. स्पीकरला लाइनचं, म्हणजे कीबोर्डसारख्या वाद्यासाठीचं, एकच इनपुट असेल तर मध्ये लहान मिक्सर लागेल. हेडफोनच्या भोकात सरळ मोनो पिन खुपसू नका, त्यात उजवी बाजू शॉर्ट होते. पुढे कधी डावा-उजवा वेगळे आउटपुट असलेला कीबोर्ड घेतलात, आणि स्पीकर एकच असेल, तर ज्या भोकावर मोनो लिहिलेलं असतं तेवढंच वापरा. बरेच कीबोर्ड मग आतल्या आत दोन्ही बाजू एकत्र करून देतात. आणखी एक. काही स्टीरिओ पियानो टोनच्या दोन बाजू एकत्र केल्या की ते पातळ, डब्यातून आल्यासारखे वाजतात. तसं झालं तर टोनच बदला. इक्वलायझरने (खालचे-वरचे आवाज कमी-जास्त करणाऱ्या नॉबने) ते भरून निघत नाही.

आता पुढचे आणि मागचे. स्पीकर पहिल्या रांगेपासून २ मीटरवर असेल आणि शेवटची रांग १६ मीटरवर असेल, तर मोकळ्या जागेत दोन्हींत १८ डेसिबलचा फरक पडतो, कारण अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबल उतरतो आणि २ चे १६ होताना अंतर तीनदा दुप्पट होतं. बंद हॉलमध्ये भिंती थोडी मदत करतात, पण मागे पोचतो तो भिंतीवरून आलेला, विस्कटलेला आवाज. मागच्यांना ‘ऐकू येत नाही’ म्हणजे पुष्कळदा ‘कळत नाही’ असं म्हणायचं असतं. अशा वेळी आवाज वाढवला की पुढचे उठून जातात. तोच स्पीकर २ मीटर मागे नेलात तर अंतरं ४ आणि १८ होतात आणि फरक १३ डेसिबलवर येतो. एक पैसा खर्च न करता ५ डेसिबल जुळले.

म्हणून स्पीकर स्वतःच्या पुढे ठेवू नका. थोडा मागे, एका बाजूला ठेवा आणि स्टँडवर उंच चढवा. वरचा लहान भोंगा बसलेल्या माणसांच्या डोक्यांच्या वर यायला हवा, आणि तोंड मागच्या रांगांकडे किंचित खाली झुकलेलं. पुढचे मग त्याच्या थेट माऱ्यातून सुटतात आणि मागच्यांना सरळ आवाज मिळतो. खुर्चीवर किंवा टेबलावर ठेवलेल्या स्पीकरचा सगळा वरचा आवाज पहिल्या दोन रांगांच्या अंगातच जिरतो. तुम्ही गात नसल्यामुळे ही मागची जागा तुम्हाला परवडते, आणि जो आवाज लोकांना जातो तोच तुम्हालाही ऐकू येतो. हा फायदा मोठा आहे. वाजवणाऱ्याला स्वतःचं ऐकू आलं नाही की तो कीज जोरात दाबतो, आणि मग पियानो नाहक कर्कश होतो. फक्त बोलण्याच्या माइकचं तोंड स्पीकरकडे येऊ देऊ नका आणि बोलून झालं की माइकचा आवाज शून्यावर आणा, नाहीतर शिट्टी वाजेल.

इथून पुढे मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ते. वाजवणारा माणूस ऐकण्याच्या दृष्टीने हॉलमधल्या सर्वांत चुकीच्या जागी बसलेला असतो. तिथून केलेलं ट्यूनिंग लोकांसाठी नसतंच. गायकाला हे टाळता येत नाही, कारण स्वतःचा गळा माइकपाशी ठेवून त्याला मागे जाऊन बसता येत नाही. तुम्हाला येतं. कीबोर्डच्या साँग रेकॉर्डरमध्ये घरीच दोन-तीन मिनिटांचा तुकडा भरून ठेवा. आधी ताल आणि बासरी, मग नुसता पियानो, मग डाव्या हाताचे खालचे कॉर्ड, शेवटी संतूर किंवा घंटीसारखा एखादा टोकदार आवाज. रेकॉर्डरमध्ये ध्वनी साठत नाही, तुम्ही कुठली की किती जोरात दाबली ते साठतं. त्यामुळे हॉलमध्ये तो तुकडा लावला की तोच कीबोर्ड, तोच टोन, तीच केबल, तोच स्पीकर वाजतो, आणि तुम्ही मोकळ्या होता. जा आणि पहिल्या रांगेत मधोमध बसा. मग शेवटच्या रांगेच्या कोपऱ्यात. मग बाजूच्या भिंतीलगत, जिथे आजी-आजोबांना पंख्याखाली बसवतात. प्रत्येक ठिकाणी एकच विचारा: मुख्य सूर गाण्यासारखा कळतोय का? बेस, ताल, गोडवा सगळं त्यानंतर.

खारघरच्या एका गच्चीवर कोजागरीला वाजवताना ही सवय मला जडली. मोकळ्यावर बेस अंगावर येईना म्हणून मी बसल्या जागेवरून बेस वाढवत गेलो. स्पीकरचा लाल दिवा लागायला लागला आणि आवाज दबून श्वास घेतल्यासारखा वर-खाली होऊ लागला. मसाला दूध वाटायला थांबलो तेव्हा भरलेला तुकडा लावून मागच्या सतरंजीवर जाऊन बसलो. तिथे बेस पुरेसा होता, गाण्याचा सूर मात्र त्याखाली गुदमरला होता. बेस होता तिथे परत आणला आणि स्पीकर उचलून पाण्याच्या टाकीच्या भिंतीला टेकवून ठेवला. भिंत मागे आली की खालचा आवाज आपोआप भरतो, त्यासाठी स्पीकरवर ताण पडत नाही. उरलेला कार्यक्रम ऐकणाऱ्यांनी मान डोलावत ऐकला.

हॉलमध्ये याच्या बरोबर उलट. कोपरा सोडा. दोन भिंती आणि जमीन जिथे मिळतात तिथे बेस फुगतो आणि डाव्या हाताचे कॉर्ड चिखल होतात. सोसायटीचे हॉल म्हणजे खाली टाइल्स, बाजूला काचा, वर बुटकं छत. पार्किंगमधल्या गणपतीत तर चारही बाजूंना काँक्रीटच. तिथे पहिलं काम म्हणजे कीबोर्डवरचा रिव्हर्ब जवळजवळ शून्यावर आणणं. जागा स्वतःच भरपूर रिव्हर्ब देते, वर तुमचा कशाला. दुसरं, ऑटो स्टाइलमधला, म्हणजे कीबोर्ड आपोआप देतो त्या साथीतला, ताल आणि पॅडचा (मागे सलग धरून ठेवलेल्या सुरांचा) आवाज उजव्या हातापेक्षा ठळक खाली आणा. तिसरं, बेस जर स्टाइलच वाजवत असेल तर डाव्या हाताने खाली भरगच्च कॉर्ड धरू नका, एक-दोन सूर मोकळे ठेवा. निम्मं घुमणं या तीन गोष्टींतच जातं, इक्वलायझरला हातही न लावता.

पातळी जुळवताना कीबोर्डचा मास्टर ६०-७० टक्क्यांवर ठेवा आणि मग स्पीकरचा नॉब वाढवा. कीबोर्ड २० टक्क्यांवर आणि स्पीकर पूर्ण असं केलंत तर सूं-सूं आवाज येतो. उलट केलंत तर कीबोर्डचाच आवाज फाटू शकतो. स्पीकरवर माइक आणि लाइन असं बटण असेल तर कीबोर्डसाठी लाइन. सगळ्यात जोरकस तुकड्यातसुद्धा लाल दिवा एखाद्या क्षणी चमकला तर चालेल, टिकून राहता कामा नये.

आणि मग इक्वलायझर. स्पीकरवर तयार मोड असतील तर फ्लॅट निवडा. त्यातला संगीताचा म्हणून दिलेला मोड बऱ्याचदा बेस आणि ट्रेबल दोन्ही वर करतो. दुकानात तो मोहक वाटतो, पण भरल्या हॉलमध्ये गाणं जिथे राहतं तो मधला भागच त्यात मागे पडतो. मधला सा म्हणून तुम्ही जो मिडल सी धरता तो सुमारे २६२ हर्ट्झचा. चिखल होतो तो नेमका याच्या आसपास, २०० ते ४०० हर्ट्झमध्ये. तिथे ३ डेसिबल कमी केले तरी कॉर्ड सुटे सुटे ऐकू येतात. पियानो आणि संतूर कानाला टोचत असतील तर २ ते ४ हजार हर्ट्झमध्ये अगदी थोडं, दोनेक डेसिबल खाली. लो-कट (अगदी खालचे आवाज कापणारं बटण) असेल तर ८० हर्ट्झपाशी लावा. फक्त बेस आणि ट्रेबल असे दोनच नॉब असतील तर बेस थोडा कमी करा आणि ट्रेबल होता तसा ठेवा. आधी कमी करून बघायचं, वाढवायची वेळ फार थोड्यांदा येते. रिकाम्या हॉलमध्ये ट्रेबल जास्त वाटला म्हणून खूप कापू नका. माणसं आली की त्यांच्या कपड्यांत आणि अंगात वरचे आवाज शोषले जातात, आणि जे खुपत होतं ते आपोआप मऊ होतं.

आता स्पीकर घेण्याबद्दल. ६१ कीजच्या कीबोर्डची सर्वांत खालची की, ट्रान्सपोज करून पट्टी बदलली नसेल तर, ६५ हर्ट्झला वाजते. चांगला ८ किंवा १० इंची स्पीकर तिथे बऱ्यापैकी पोचतो. स्टाइलमधला बेस गिटार ४१ हर्ट्झपर्यंत उतरतो हे खरं, पण मूळ सूर दुबळा असला तरी त्याच्या वरच्या पटीतल्या सुरांवरून कान तो ओळखून घेतो. म्हणून लहान स्पीकरवरही बेसची चाल कळते. १५ इंची लागतो तो नाचणाऱ्यांच्या छातीत ठोका बसवायला, आणि डोहाळजेवणात त्याची गरज नाही. शिवाय स्वस्त १५ इंचीत मोठा कोन आणि छोटा भोंगा यांच्यामधला भाग, म्हणजे बासरी आणि व्हायोलिनचा मुख्य प्रदेश, नीट सांधलेला नसतो. तुमच्यासाठी मी ८ किंवा १० इंची, आत अ‍ॅम्प्लिफायर असलेला, दुपदरी (मोठा कोन आणि छोटा भोंगा असलेला) स्पीकर सुचवेन. गिटारचा अ‍ॅम्प चालणार नाही, त्याचा स्पीकर साधारण ५ हजार हर्ट्झच्या वर फारसं काही देत नाही आणि पियानोची धार तिथेच असते.

वॅटच्या आकड्यांकडे बघून निर्णय घेऊ नका. बॉक्सवर पीक लिहिलेलं असतं, कधी पीएमपीओ, आणि त्या आकड्यांचा सलग मिळणाऱ्या ताकदीशी फार थोडा संबंध असतो. आरएमएस किंवा कंटिन्युअस शब्द शोधा. तरीही लक्षात ठेवा, ताकद दुप्पट केली तर आवाज फक्त ३ डेसिबल वाढतो. रोलँडचा बीए-३३० हा ८ पेन्सिल सेलवर चालणारा स्टीरिओ अ‍ॅम्प दोन्ही बाजू मिळून ३० वॅटचा आहे, आणि ४०-५० माणसांच्या बैठकीत तो कीबोर्डला पुरतो. पण तो १३-१४ किलोचा. बोसचा एस-१ प्रो ७ किलोच्या आसपास, बॅटरीवर चालणारा; रिक्षा आणि जिने यांसाठी सोयीचा, पण वूफर ६ इंची आहे, १५० माणसांच्या मोकळ्या मैदानात तो एकटा अपुरा पडेल. यामाहाचा डीबीआर-१० साडेदहा किलोचा. तो १५० माणसांच्या हॉलला व्यवस्थित पुरतो, पण त्याला प्लग लागतो. ही तीन नावं तीन प्रकार कळावेत म्हणून घेतली, यातलाच घ्या असं नाही. खांबासारखे उभे कॉलम स्पीकरही आता मिळतात. त्यांचा आवाज आडवा पसरतो आणि वर-खाली कमी जातो, म्हणून बुटक्या छताच्या लांब हॉलमध्ये ते फार चांगले चालतात. पैसे जमले तर तुमच्या कार्यक्रमांना तो प्रकार खरोखर शोभेल.

चाकांचा, रंगीत दिव्यांचा ट्रॉली स्पीकर घेऊ नका. त्यातल्या बहुतेकांत बेस फुगवलेला असतो आणि तो पूर्ण बंद करता येत नाही. बॅटरी लेड-अ‍ॅसिड असेल तर ती उतरलेली ठेवून दिली की खराब होते, आणि गणपतीनंतर दिवाळीपर्यंत ती तशीच पडून राहते. लिथियमची असेल तर निम्मी भरून ठेवा. कंपनी सांगते ते तास मध्यम आवाजाचे असतात, कार्यक्रमाला निम्मे धरा.

दुकानात स्वतःचा कीबोर्ड आणि नवी वाय केबल घेऊन जा. आवाज शून्य करून एका मीटरवर कान द्या, सूं-सूं किती येते ते कळेल. मग सर्वांत खालच्या सप्तकातल्या कीज एकेक करून उतरत या. एखादीच की इतरांपेक्षा भसकन मोठी वाजली तर तो डबा गुणगुणतोय, सोडून द्या. स्ट्रिंग्जचा मोठा कॉर्ड धरून आवाज चढवा आणि तो दबतोय का बघा. नंतर तोच आवाज अगदी बारीक करा आणि बासरी वाजवा, कारण साखरपुड्यात जेवणं चालू असताना तुम्हाला तसंच वाजवायचं असतं. बारीक आवाजात ज्याचा सूर भरीव राहतो तो स्पीकर चांगला. बाजूला ४५ अंशांवर जाऊन ऐका. शेवटी तो उचलून एक जिना चढा. जमत असेल तर घेण्यापूर्वी एका कार्यक्रमाला भाड्याने आणून बघा.

ब्लूटूथने कीबोर्ड स्पीकरला जोडू नका. साध्या ब्लूटूथमध्ये आवाज १०० ते २०० मिलिसेकंद उशिरा येतो. हवेत आवाजाला एक मीटर जायला जेमतेम ३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे तुमचा स्पीकर तीस-साठ मीटर लांब ठेवल्यासारखं झालं. फोनवरचा ट्रॅक मात्र ब्लूटूथने लावून कीबोर्ड केबलने जोडलात तर अडचण नाही. ट्रॅक उशिरा सुरू होतो, पण तुम्ही वाजवता ते कानाला ऐकू येणाऱ्या ट्रॅकबरोबरच.

वायर लोकांच्या वाटेत असेल तिथे टेपने चिकटवा आणि स्टँडचे पाय पूर्ण फाकवा, लहान मुलं धावतात. साधी केबल पाच-सहा मीटरपेक्षा लांब नको. त्याहून लांब जायचं असेल तर डीआय बॉक्स घ्या, म्हणजे कीबोर्डचा आवाज लांब केबलसाठी बॅलन्स्ड करून देणारी छोटी डबी. हॉलच्या प्लगमधून घूं आवाज येत असेल तर डीआय बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण पुष्कळदा तो थांबवतं. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकायचा सल्ला कोणी दिला तर मुळीच ऐकू नका, त्यात शॉक बसून जीव जाऊ शकतो.

मोकळ्यावर वाजवणार असाल तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ तो बंद ठेवावा लागतो. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज आजूबाजूच्या आवाजापेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यांतलं जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. परवानगीचा कागद आयोजकांकडून आधी मागून घ्या.

आता क्रम सांगतो. आज केबलच्या रिंगा मोजा. दोन निघाल्या तर वाय केबल आणा आणि मैत्रिणीचा तोच १२ इंची स्टँडवर, मागे, कोपऱ्यापासून दूर ठेवून एक कार्यक्रम करा. रिव्हर्ब शून्य. सुरू होण्याआधी अर्धा तास पोचून तुमचा तुकडा लावा आणि तीन खुर्च्यांवर बसून या. त्यानंतरही काही कमी वाटलं तर नेमकं कुठल्या खुर्चीवर काय कमी वाटलं ते मला लिहा, त्यावरून ८ इंची, १० इंची की कॉलम ते ठरवू.